राखण

पोलीस ठाण्यातल्या पोरसवदा शिपायानं तात्यांच्या बंदुकीच्या नळीला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधला, त्यावर निळ्या बॉलपेननं नंबर घातला आणि ती भिंतीकडेच्या ओळीत नेऊन उभी केली. तिथं आधीच बऱ्याच बंदुका उभ्या होत्या. एक-दोन दुनळी, बाकी सगळ्या ठासणीच्या. कुणाच्या दस्त्याला पितळी पट्टी मारलेली, कुणाच्या पट्ट्याला जुन्या गोधडीचा तुकडा शिवलेला. खाली पोतं अंथरलेलं, त्यावर धूळ. तात्या थोडा वेळ बघत राहिले, मग खांद्यावरच्या टॉवेलनं नळीवर उमटलेली स्वतःचीच बोटं पुसली आणि शिपायाला म्हणाले, "मधी एखाद्या वेळी तेल घालशील न्हवं बाळा?" पोरगा चांगल्या घरचा असावा. "चिंती माडब्याडरी अज्जा," काळजी करू नका आजोबा, म्हणाला आणि पावती फाडून दिली. पावती कन्नडमध्ये होती. तात्यांनी तिची घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, बाजाराच्या दिवशी पैसे ठेवतात त्या खिशात.

२०२४ च्या मार्चमधली ही गोष्ट. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि थोड्याच दिवसांत बीटचा पोलीस गावात येऊन बंदुका जमा करा म्हणून सांगून गेला. या वयात बंदूक घेऊन बसमधून जाणं तात्यांना बरं वाटेना, म्हणून मी बेळगावहून गाडी घेऊन गेलो होतो. ठाण्यातून निघाल्यावर बाहेर उसाचा रस घेतला. तात्या गप्पच. जांबोटीचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंनी झाडं जवळ आली, पिकल्या काजूबोंडांचा आंबूस वास गाडीत शिरला, तेव्हा ते एकदम म्हणाले, "मी काय केलं म्हणून?"

मला काही उत्तर देता आलं नाही.

बंदूक आमच्या आजोबांची. ते गेल्यावर बऱ्याच खेपा घालून परवाना तात्यांच्या नावावर झाला आणि तेव्हापासून नूतनीकरणाची तारीख त्यांनी कधी चुकवलेली नाही. माजघरात वर आढ्याच्या खुंटीला ती टांगलेली असायची. खंडेनवमीला उतरवून विळा, कोयता, नांगराचा फाळ यांच्या शेजारी पाटावर ठेवायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं. आम्हा पोरांना तिला हात लावायची मुभा त्या एका दिवशी. बार भरताना तात्या कुणाशी बोलत नसत. नळीत दारूची पूड ओतायची, वरून चिंधी घालायची, गजानं ठासायची, गजाचा आवाज टणक झाला की थांबायचं, मग घोड्याखाली टोपी बसवायची. राखणीच्या बाराला छर्रे लागतही नाहीत, नुसता आवाज पुरतो. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत माणसाची निम्मी विडी ओढून होते. अशा हत्याराची निवडणुकीत कुणाला धास्ती वाटावी, हे मला आजही पटत नाही.

आमचं गाव कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, जंगलाला चिकटून आहे, म्हादई जिथून निघते त्याच डोंगरांच्या अंगाला. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं. जंगल राखलं जावं असं मलाही वाटतं, तात्यांना तर माझ्यापेक्षा जास्त वाटतं, कारण त्यांचं पाणी तिथून येतं. पण गवे, डुकरं, अस्वलं अभयारण्याची हद्द ओळखत नाहीत. पूर्वी शेताशेतात माळा असायचा आणि माळ्यावर माणूस. रात्री एकानं हाळी दिली की ओढ्यापलीकडून दुसऱ्याची यायची. मध्येच पत्र्याचा डबा, मध्येच कुणाचा तरी खोकला, आणि अगदीच गरज पडली तर बार. शाळेला सुट्टी लागली की मी तात्यांबरोबर माळ्यावर झोपायचो. घोंगडीला धुराचा वास, खाली निखाऱ्यात सरकवलेली रताळी, अंगाखाली टोचणारं गवत. बार निघाला की जळक्या दारूचा वास नाकात बसायचा, कानात शिट्टी वाजत राहायची आणि मग रान इतकं गप्प व्हायचं की ओढ्याचं पाणी ऐकू यायचं. आता पोरं गोव्याला गेली, पुण्याला गेली, कुणी हॉटेलात, कुणी कारखान्यात. माळ्यावर जायला उरलेत ते साठी-सत्तरीतले. त्यांच्या हाळीला पलीकडून उत्तर येत नाही. बंदूक आधीपेक्षा आताच जास्त लागते ती यामुळं.

खानापूर तालुका उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात येतो. आमचं मतदान ७ मेला उरकलं. शाळेतले टेबल-बाक पुन्हा जागेवर गेले, बंदोबस्ताला आलेले जवान परत फिरले. बंदुका मात्र ठाण्यातच राहिल्या, कारण देशात सात टप्पे आणि शेवटचा टप्पा १ जूनला. निकाल ४ जूनला लागला, आचारसंहिता ६ जूनला उठली. आमच्याकडं मेच्या अखेरीस धूळवाफ पेरणी होते. बी मातीत पडलं की डुकरं ते हुंगत येतात आणि नांगर लावल्यासारखी ओळीच्या ओळी उकरून टाकतात. त्या दिवसांत तात्या रात्री डबा आणि काठी घेऊन बांधावर बसत होते. गुडघा धरलेला, एका डोळ्यात मोतीबिंदू. डब्याला डुकरं दोन-चार रात्रींत सरावतात, मग माणसाच्या अंगावरसुद्धा यायला कमी करत नाहीत. वरच्या अंगाचा एक पट्टा गेलाच, तिथं पुन्हा बी टाकावं लागलं. भरपाईचा अर्ज करता येतो. त्याला आरटीसी उतारा, म्हणजे इकडचा सातबारा, लागतो, फोटो लागतात, पंचनामा लागतो, पासबुकाची झेरॉक्स लागते. त्या कागदांच्या मागं तालुक्याला हेलपाटे घालायचे तर शेतावर कोण? तात्यांनी अर्ज केला नाही. त्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं: "माझी राखण मला करू दे, तुझं पैसं तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

या वाक्यावर मी खूप विचार केला आहे. राजकारणावर आयुष्यभर जे वाचलं, त्यात सरकारनं काय करावं आणि कुठं थांबावं याबद्दल इतकं नेमकं बोलणं मला क्वचित भेटलं.

त्या उन्हाळ्यात मी निवडणूक आयोगाच्या शस्त्रांबाबतच्या सूचना मिळवून वाचून काढल्या. सरसकट सगळ्या परवानाधारकांची हत्यारं जमा करून घ्या, असं त्यांत कुठंही नाही. प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती असावी आणि तिनं एकेका परवानाधारकाचा वेगळा विचार करावा, असं आहे. माणूस जामिनावर सुटलेला आहे का, त्याच्यावर गुन्ह्यांची नोंद आहे का, पूर्वी कधी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांतल्या दंगलीत तो सापडला होता का, हे बघायचं. असे जे असतील त्यांना नोटीस द्यायची, त्यांची हत्यारं ठेवून घ्यायची आणि निकालानंतर आठवड्याभरात परत करायची. मुंबई उच्च न्यायालयातल्या एका निकालाचा या सूचनांना आधार आहे. म्हणजे तात्यांनी गाडीत जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न सरकारनं स्वतःला आधी विचारायचा आहे: या माणसानं काय केलं आहे? तात्यांच्या नावावर उभ्या आयुष्यात एक केस नाही, बांधाचं भांडणसुद्धा नाही. पण एकेकाची फाइल काढून बघायची तर मेहनत पडते, आणि गावोगाव एकच निरोप धाडणं सोपं पडतं. सरकारला सोपं पडतं म्हणून जे जे केलं जातं, त्याची झळ कायदा पाळणाऱ्याला बसते, कारण निरोप आल्यावर आपणहून ठाण्यात जाणारा तोच असतो. चोरून कट्टा बाळगणाऱ्याला निरोपही जात नाही आणि तो रांगेतही उभा राहत नाही. वरातीत पिऊन बार काढणारे महाभाग आमच्या भागात आहेत, ते मी नाकारत नाही. त्यांचा परवाना काढून घ्या, कायमचा घ्या. त्यांच्यापायी सगळ्या गावाला गुन्हेगाराच्या ओळीत कशाला उभं करता?

शिस्त नको असं म्हणणाऱ्यातला मी नाही. मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून टी. एन. शेषन येण्याआधीच्या निवडणुका मला आठवतात. घरमालकाला न विचारता रंगवलेल्या भिंती, मध्यरात्रीपर्यंत कर्णे, परीक्षेच्या दिवसांत गल्लीच्या तोंडाशी मांडलेली सभा. १९९० ते ९६ या काळात त्या एका माणसानं मंत्र्यासंत्र्यांना नियमावर बोट ठेवून गप्प बसवलं, त्याचं मला आजही कौतुक आहे. पण तो धाक उमेदवाराला होता, पक्षाला होता, सत्तेवर बसलेल्याला होता. पुढच्या तीस वर्षांत तो त्यांच्या अंगावरून निसटून हळूहळू मतदाराच्या अंगावर येऊन बसला. रोकडीचंच घ्या. आयोगाच्या सूचनेत ५० हजारांची मर्यादा लिहिलेली आहे ती उमेदवार, त्याचा प्रतिनिधी, पक्षाचा कार्यकर्ता किंवा प्रचाराचं साहित्य ज्या गाडीत आहे तिच्यासाठी. सीमेवरच्या नाक्यावर ती प्रत्येक गाडीला लागते. एप्रिल-मे हा आमच्याकडं लग्नसराईचा काळ, आणि सोयरीक निम्मी सीमेपलीकडं. माझा मावसभाऊ लेकीच्या लग्नाचा बस्ता काढायला निघाला होता. त्यानं लग्नपत्रिका दाखवली, पासबुकातली पैसे काढल्याची नोंद दाखवली. तरी दुपार नाक्यावर गेली. पैसे सुटले, पण बायकापोरांसमोर डिकी, पिशव्या, वहिनीची पर्ससुद्धा उलटी करून झाली होती. लग्नात सगळे हसतखेळत होते आणि हा माणूस मधूनच तेच सांगत होता, नव्या पाहुण्याला पुन्हा पहिल्यापासून.

उलट ज्यावर खरोखर नजर हवी ते दिवसाढवळ्या होतं. २०२३ च्या विधानसभेची आचारसंहिता २९ मार्चला लागली. तोवर कुकर, डबे, साड्या ज्यांच्या घरी पोचायच्या त्यांच्या घरी पोचल्या होत्या. त्याच महिन्यात येळ्ळूरच्या राजहंसगडावर शिवछत्रपतींच्या एकाच पुतळ्याचं दोनदा अनावरण झालं. आधी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते, मग तीनच दिवसांनी विरोधी पक्षाकडून. पुढं महाराष्ट्र एकीकरण समितीच्या लोकांनी गडावर जाऊन दुग्धाभिषेक केला. मी शाळेपासून त्या गडावर जातो. वर वारा असा असतो की टोपी हातात धरावी लागते, आणि खाली चहूकडं भातशेतीचे तुकडे दिसतात. पुतळा पाहून माझा ऊर भरून आला, हे खरं. आणि ज्या राजानं रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका म्हणून सैन्याला बजावलं, त्याच्या पायाशी दोन पक्षांनी मतांसाठी ओढाताण करावी, याचं वाईटही तेवढंच वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं आणि दोन्ही अजून तसंच आहे.

प्रचाराची पत्रकं आमच्या दारात चांगल्या मराठीत येतात. 'सीमाभागातील मराठी बंधूभगिनींनो' अशी सुरुवात असते. बंदुकीची पावती, परवान्यावरचा शेरा, पंचायतीतली नोटीस हे सगळं फक्त कन्नडमध्ये. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्र आणि राज्यांनी फार पूर्वी मान्य केलं आहे. खानापुरात आम्ही त्याहून कितीतरी जास्त आहोत. तात्यांना कन्नड येतं, बाजारात ते कन्नडमध्ये घासाघीस करतात, आमच्या घराला कन्नडचं वावडं नाही. पण हक्काचा कागद माणसाला स्वतः वाचता यावा. २०२४ च्या सुरुवातीला दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं असा कायदा झाला. माणसानं स्वतःच्या पैशानं स्वतःच्या दुकानावर लावलेल्या पाटीतली अक्षरं मोजणं हे सरकारचं काम नव्हे, असं माझं ठाम मत आहे, आणि उद्या सोलापूर-अक्कलकोटच्या कन्नड दुकानदारावर महाराष्ट्रानं तशीच सक्ती केली तरी माझं मत हेच राहील.

१९९६ साली मी बेळगावात शिकायला होतो. सीमाप्रश्नाकडं दिल्लीनं बघावं म्हणून त्या लोकसभेला एकट्या बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. अनामत तेव्हा ५०० रुपये. त्यासाठी गल्लीत वर्गणी काढलेली मला आठवते. भाजीवाल्या मावशींनी कमरेच्या पिशवीतून चुरगळलेल्या नोटा काढून दिलेल्या आठवतात. दगड नाही, जाळपोळ नाही. दहा वर्षांपूर्वी, १९८६ च्या जूनमध्ये, याच भागात कन्नडसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरलेली माणसं गोळीबारात गेली होती, आणि ते अजून घराघरात ताजं होतं. एवढं होऊनही लोकांनी कायद्यानं दिलेली वाट धरली, रांगेत उभं राहून अर्ज भरले. दिल्लीनं त्याच वर्षी कायदा बदलला. अनामत ५०० वरून १० हजार, आणि मान्यताप्राप्त पक्षाचा नसलेल्या उमेदवाराला दहा सूचक. आज अनामत २५ हजार आहे. एवढी नावं मतपत्रिकेवर आली तर मतदार गोंधळून जाईल, ही प्रशासनाची अडचण मला समजते. तेव्हा आंध्रात असलेल्या नलगोंड्यातही त्या वर्षी तसंच झालं होतं. पण साडेचारशे माणसं काय सांगताहेत हे ऐकायला कुणी आलं नाही. ऐकून घेण्यापेक्षा दार अरुंद करणं सोपं पडलं. सर्वोच्च न्यायालयातला सीमेचा दावा २००४ पासून चालू आहे. त्यासाठी वाट बघायची आम्हाला सवय झाली आहे, ती आम्ही बघू. रोजच्या जगण्यात मात्र प्रत्येक निवडणुकीला नवं बंधन सोसायचं, याची सवय होऊ द्यायची नाही असं मला वाटतं.

काकूंच्या खात्यावर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २ हजार येतात. चंदगडला दिलेल्या माझ्या आतेबहिणीला २०२४ च्या पावसाळ्यापासून लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात. दोघी फोनवर आधी एकमेकींची तब्येत विचारतात आणि मग "आलं काय गं?" काकूंच्या त्या पैशाबद्दल मला वाईट बोलायचं नाही. आयुष्यभर राबून स्वतःच्या नावावर येणारे हे त्यांचे पहिले पैसे. त्यातून तात्यांच्या गुडघ्याचं औषध येतं, नातवाला वही येते. त्या पासबुक कपाटात ठेवताना मी पाहिलं आहे, चेहरा खुलतो. तरी मला घोर लागतो. पैसे सुरू झाल्यापासून गावात पाणंदीचा, शाळेच्या गळक्या कौलांचा विषय काढला की कार्यकर्ता आधी त्या दोन हजारांची आठवण देतो, आणि बोलणारा गप्प होतो. घेतलेल्या पैशाची भीड पडते आपल्या लोकांना, ती आपली चांगली सवय आहे, आणि तिचाच उपयोग करून घेतला जातोय. शेतकऱ्याला त्याच्या पिकाला हात लावू न देता घरी पैसे पोचवणारं सरकार दिसायला दयाळू दिसतं. त्याच्या जमिनीवर, त्याच्या रात्रीवर त्याचा स्वतःचा अधिकार उरतो का, हे कोण बघणार?

आणि आमचा प्रश्न जिथं खरा मांडता आला असता ती निवडणूकच होत नाही. जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतीसाठी आम्ही शेवटचं मतदान केलं ते २०१६ च्या फेब्रुवारीत. त्या सदस्यांची मुदत २०२१ मध्ये संपली. मग मतदारसंघांची फेररचना, आरक्षण, न्यायालय, आणि वर्षामागून वर्षं अधिकाऱ्यांच्या हाती कारभार. आमदाराला गवा दाखवायला बोलवता येत नाही. जिल्हा पंचायतीचा सदस्य मात्र आमच्याच आठवडी बाजारात भेटायचा, त्याला हात धरून बांधावर नेता यायचं. तात्यांनी एकदा खरोखर नेला होता, पायातल्या बुटासकट चिखलात. लोकशाहीची काळजी म्हणून ज्या माणसाची बंदूक तीन-तीन महिने कुलपात जाते, त्याच माणसाला त्याच्या दारातली लोकशाही वर्षानुवर्षं नाकारली जाते, आणि दोन्ही गोष्टी नियमाप्रमाणंच चालल्याचं सांगितलं जातं.

स्वातंत्र्यापूर्वी आपल्या लोकांना हे फार टोचायचं. इंग्रजांनी १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा करून सगळा देश निःशस्त्र केला, त्याची सल एवढी होती की १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसनं मूलभूत हक्कांचा ठराव केला तेव्हा त्यात, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. पुढं राज्यघटनेत तो आला नाही, १९५९ चा कायदा आला, परवाना राहिला. परवान्याला माझी हरकत नाही. चौकशी करून, वर्तणूक बघून सरकार परवाना देतं, आणि माणूस तो जपतो. एकदा असं पारखून घेतलेल्या माणसावर दर निवडणुकीला पुन्हा संशय का? याच कर्नाटकात कोडगूमध्ये कोडवांना आणि जम्मा, म्हणजे पिढीजात वहिवाटीच्या, जमीनधारकांना परवान्यातूनच सूट आहे. ती इंग्रजांच्या काळापासून चालत आली आणि केंद्रानं २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. त्यांच्याकडं मुलगा जन्मला की अंगणात बार काढतात. मला त्यांचा हेवा नाही, उलट आनंद आहे की एका समाजाची रीत सरकारनं ओळखली आणि तिच्या आड आलं नाही. पश्चिम खानापूरच्या राखणीची रीतही तेवढीच जुनी असेल. तिच्यासाठी आम्ही सूट मागत नाही, लिहिलेला नियम पाळा म्हणतोय.

बंदूक जूनच्या मध्यावर परत आली. घोडा गंजून घट्ट बसला होता. तात्यांनी रॉकेल आणि खोबरेल लावून तो सोडवला, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. त्यानंतर एका रविवारी रवळनाथाच्या देवळात परवानाधारकांना बोलावलं आणि मी अर्जाचा मसुदा वाचून दाखवला. प्रत्येकाची छाननी वेगळी व्हावी, नोटीस आणि पावती मराठीतही मिळावी, आमच्या मतदारसंघातलं मतदान संपल्यावर पेरणीपुरती तरी हत्यारं परत द्यावीत. निम्मे जण आले नाहीत. आलेल्यांतले दोघे म्हणाले, साहेबाच्या डोळ्यावर कशाला यायचं, पुढच्या वेळी परवानाच अडकवला तर? त्यांची भीती खोटी नाही. मी त्यांना आग्रह केला नाही. तात्यांनी मसुदा दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, "ज्याच्यावर केस हाय त्याची खुशाल घ्या, हे पयलं लिव्ह. मग आमचं." मी ते वाक्य वर घेतलं. सह्या झाल्या, दोघांचे अंगठे झाले. कन्नड प्रत गावातल्या एका शिक्षकांनी करून दिली, स्वतः कन्नडभाषक असून, आणि त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नाही.

अर्ज डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, दिला. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही असं तात्यांनी बजावलं होतं, म्हणून शिक्का बसेपर्यंत थांबलो. उत्तर अजून आलेलं नाही. पुढची आचारसंहिता लागली की पोचेची प्रत घेऊन आम्ही आधी छाननी समितीपुढं जाणार आहोत, ठाण्यात त्यानंतर.